तुपाचा रंग आणि गाईचा माज: कोकणातल्या गोठ्यासाठी अँटिऑक्सिडंट पोषणाची पायरी-पायरीने आखणी

चैत्रातली गोष्ट. देवगडच्या सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) आमच्या वाडीत शेजारणीची संकरित जर्सी गाय तिसऱ्यांदा उलटली होती, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली होती. दोनदा कृत्रिम रेतन झालं, एकदा वळूकडे नेली, आणि एकवीस दिवस भरले की पुन्हा तेच हंबरणं. शेजारीण कुंपणाशी येऊन म्हणाली, "काकी, परत माजार इली. आता हिका ठेवून काय करतलंव?"

मी गोठ्यात जाऊन बघितलं. गाय अंगाने वाईट नव्हती. बरगड्या वर आलेल्या नव्हत्या, दूध सहा लिटर होतं. गव्हाणीत मात्र नुसता पेंढा. दिवाळीनंतर त्या गाईने हिरवी काडी खाल्लेली नव्हती. मग मी तिला तुपाच्या दोन्ही बरण्या बाहेर आणायला सांगितल्या. गणपतीच्या दिवसांतलं तूप तळाशी थोडं उरलं होतं, ते झेंडूच्या पाकळीसारखं पिवळं होतं. गेल्या आठवड्यात कढवलेलं तूप जवळजवळ पांढरं. गाय तीच आणि कढईही तीच, बदलला होता तो फक्त चारा.

गाईच्या तुपाचा पिवळेपणा येतो हिरव्या चाऱ्यातल्या बीटा कॅरोटीनमधून. तूप पांढरं पडलं म्हणजे गाईच्या अंगातला तो साठा उतरला. गाय गाभण राहावी म्हणून बीजांडकोशात जी ग्रंथी तयार होते, तिचं नावच पीतपिंड. तिला तो पिवळा रंग याच कॅरोटीनमुळे येतो. म्हणून घरात गाय असेल तर तुपाची बरणी ही फुकटातली तपासणी समजा. म्हशीला ही खूण लागू नाही. ती कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ मध्ये रूपांतर करून टाकते, त्यामुळे तिचं दूध-तूप बारमाही पांढरंच.

अंगातला गंज

खाऱ्या हवेत दाराची कडी कशी गंजते ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. जनावराच्या अंगातही प्राणवायू वापरताना असेच चटकन झोंबणारे कण तयार होतात. त्यांना मुक्त कण म्हणतात. थोडे कण कामाचेच असतात, बीजांड फुटून बाहेर पडण्याच्या क्रियेतही त्यांचा वाटा आहे. ते मर्यादेबाहेर गेले की पेशींची आवरणं खातात. नऊ महिन्यांची गाभण, नुकतीच व्यालेली, किंवा मे महिन्याच्या दमट उकाड्यात धापा टाकणारी गाय, या तिघींच्या अंगात हे कण जास्त बनतात.

त्यांना आवरणारी फळी चाऱ्यातून येते, तिलाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. जीवनसत्त्व ई पेशीच्या आवरणात बसून राखण करतं. सेलेनियम एका विकराचा (एन्झाइमचा) गाभा आहे, तो विकर तयार झालेलं विषारी पेरॉक्साइड मोडतो. तांबं, जस्त आणि मँगेनीज दुसऱ्या एका विकरात लागतात. बीटा कॅरोटीन पीतपिंडाची आणि बीजांडाची काळजी घेतं. जीवनसत्त्व ई १९२२ साली अमेरिकेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना सापडलं तेच मुळी प्रजननाच्या प्रयोगात: त्याच्याशिवाय उंदरांच्या माद्यांचे गर्भ टिकत नव्हते. त्याच्या टोकोफेरॉल या नावाचा ग्रीक अर्थही प्रसूतीशीच जोडलेला आहे.

ही फळी कमी पडली की गोठ्यात काय दिसतं? वार (काही ठिकाणी जार म्हणतात) अडकते, कारण वार सोडवण्याच्या कामी आईच्या पांढऱ्या पेशी लागतात आणि त्या ई व सेलेनियमशिवाय ढिल्या पडतात. वार अडकली की गर्भाशय सुजतं, पू होतो, पुढचा माज लांबतो. पीतपिंड अशक्त असला तर गर्भ धरतो आणि सुटतो. बाहेरून आपल्याला एवढंच दिसतं की गाय उलटली.

पहिली पायरी: तारखा उलट्या मोजा

माझ्या मते सगळ्यात जास्त चूक इथे होते. गाय माजावर आली की आपण धावपळ करतो, पावडर आणतो, गूळ-मेथी देतो. पण त्या दिवशी सुटणारं बीजांड आधीचे दोन-तीन महिने बीजांडकोशात वाढत आलेलं असतं. आषाढातल्या बीजांडाची तब्येत चैत्र-वैशाखातल्या गव्हाणीत ठरते. आज सुरू केलेल्या पोषणाचं फळ दोन-अडीच महिन्यांनी दिसेल, तेवढा धीर धरावाच लागतो.

आता आपल्याकडचा हिशोब मांडा. पावसातलं गवत खाऊन गाय अंग धरते आणि ऑगस्टच्या मध्याला फळते. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवस, म्हणजे ती मेच्या शेवटाला विणार. वासराची सगळ्यात जास्त वाढ शेवटच्या दोन महिन्यांत, म्हणजे नेमकी एप्रिल-मेमध्ये, सडा करपलेला असताना. यकृतातला जीवनसत्त्व अ चा साठा हिरवा चारा थांबल्यावर दोन ते चार महिने पुरतो, ई चा साठा त्याहून लवकर संपतो. दिवाळीला हिरवं संपलं असेल तर शिमग्यापर्यंत कोठार रिकामं.

म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक गाभण जनावराच्या नावाने तीन खुणा करा: विण्याच्या ६० दिवस आधी (आटवण्याची तारीख), २१ दिवस आधी, आणि व्याल्यानंतर ६० दिवस. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन खुणांना बांधलेल्या आहेत. अँटिऑक्सिडंटची खरी गरज या चार महिन्यांत असते, बाकीच्या काळात साधा चांगला चारा पुरतो.

दुसरी पायरी: गव्हाणीत काय आहे ते नाकाने तपासा

नवीन काही विकत आणण्याआधी घरात जे आहे ते राखणदार आहे की खाऊ, ते बघा. भाताच्या पेंढ्यात कॅरोटीन आणि ई जवळजवळ नाहीच. तो पोट भरतो, तेवढंच. कोंड्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. भाताच्या कोंड्यात तेल असतं आणि त्या तेलासोबत जीवनसत्त्व ई सुद्धा. पण भात गिरणीतून निघालं की कोंड्यातलाच एक विकर त्या तेलाला फोडायला लागतो. काही दिवसांत कोंडा खवट होतो, आणि खवट तेल पोटात गेलं की ते असलेलं ई देखील खर्च करून टाकतं. म्हणजे ज्या घमेल्यातून राखण मिळायची त्यातूनच चोर आत शिरतो.

मूठभर कोंडा तळव्यावर घ्या, चोळून गरम करा आणि नाकाशी धरा. ताज्याला गोडसर, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा वास येतो. खवटाचा वास घशाशी बसतो, जुन्या रंगाच्या डब्यासारखा, आणि जिभेच्या टोकावर कडवट लागतो. असा कोंडा गाभण जनावराला देऊ नका. एका आठवड्याला पुरेल एवढाच आणा, पावसाळ्यात त्याहून कमी. आपल्याकडे उकड्या भाताचं चलन आहे, त्याचा एक फायदा इथे होतो: भात उकडताना तो विकर मरतो, म्हणून उकड्याचा कोंडा सुरय (न उकडलेल्या) भाताच्या कोंड्यापेक्षा जास्त दिवस टिकतो. गिरणीवर विचारून घ्या.

खोबऱ्याच्या पेंडीलाही हाच नियम. घाण्याच्या पेंडीत तेल राहतं, दमट हवेत ती खवट होते आणि बुरशी धरते. शेंगदाण्याच्या पेंडीवर हिरवट-काळी बुरशी दिसली तर ती जाळायची, धुऊन वाळवून घालायची नाही. बुरशीचं विष धुऊन जात नाही.

तिसरी पायरी: उन्हाळ्यात हिरवं कसं मिळवायचं

या पायरीवर जरा थांबते, कारण खरं काम इथेच आहे आणि यात दुकानदाराला द्यावे लागतात ते पैसे सगळ्यात कमी. व्यालेल्या आणि गाभण जनावराला चैत्र-वैशाखातही रोज १०-१५ किलो हिरवं पडलं, तर कॅरोटीन आणि ई या दोन्हीची बरीचशी सोय घरच्या घरी होते.

माड-पोफळीच्या बागेत पाटाने किंवा ठिबकने पाणी जातंच. बागेच्या कडेला, जिथे पाणी मुरतं तिथे, संकरित नेपिअरची ठोंबं लावा. फुले जयवंत, को-४ यांसारख्या जाती चालतात. दोन गुंठ्यांत एका गाईची भूक भागत नाही, पण हिरव्याची किमान गरज बऱ्यापैकी भागते. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, पुढच्या ४०-४५ दिवसांनी. फार कोवळं कापू नका, कोवळ्या नेपिअरमध्ये ऑक्झलेट जास्त असतं आणि ते चाऱ्यातलं कॅल्शियम अडवतं.

पाण्याची सोय नसेल तर झाडांकडे वळा. शेवग्याचा पाला कॅरोटीन आणि ई या दोन्हींत श्रीमंत आहे, आणि शेवगा कातळाच्या फटीतही तग धरतो. रोज दोन-तीन किलो पाला चिरून पेंढ्यात मिसळला तर पेंढाही संपतो. गिरिपुष्प आपल्या बांधावर खतासाठी असतंच. ताजं असताना जनावर त्याच्या वासाने तोंड फिरवतं, म्हणून फांद्या रात्रभर सुकवून सकाळी द्या आणि थोड्यापासून सुरुवात करा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको. त्यातल्या मिमोसिनने केस गळतात आणि प्रजननावरच उलटा परिणाम होतो. फणसाचा पाला शेळ्यांना द्या, त्यांना तो मनापासून आवडतो. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या तोडता, त्यातला खाण्याजोगा कोवळा पाला आधी गव्हाणीत घातला तर राबाला काही कमी पडत नाही.

सड्याच्या गवताबद्दल माझं ठाम मत आहे. आपण ते फार उशिरा कापतो. ऑक्टोबरच्या शेवटी पिवळं पडलेलं, बी गळालेलं गवत कापून आठवडाभर रणरणत्या उन्हात पसरतो, आणि मग उडवी रचतो. कॅरोटीनला ऊन सोसत नाही. सगळं गवत लवकर कापणं शक्य नाही, भातकापणीही त्याच वेळी असते, हे मला माहीत आहे. पण गाभण गाईच्या वाट्याचे पन्नास-साठ भारे तरी गवत फुलोऱ्यात असताना, दोन-तीन दिवसांची उघडीप बघून कापा. एक दिवस उन्हात, मग मांगराच्या माळ्यावर किंवा झाडाच्या सावलीत उलटपालट करत वाळवा. वाळल्यावर गवत हिरवट राहिलं तर कॅरोटीन काही प्रमाणात राहिलं असं समजायचं, आणि कुडाच्या रंगाचं झालं तर गेलं. हे भारे वेगळे ठेवा, फाल्गुनाआधी त्यांना हात लावू नका.

उघडीप मिळालीच नाही तर मुरघास. हिरवा मका किंवा नेपिअर दोन-तीन सेंटिमीटरचं कुट्टी करा, मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी टपकणार नाही इतपत सुकवा, आणि २०० लिटरच्या प्लास्टिक पिंपात पायाने तुडवत थराथराने भरा. नेपिअरमध्ये साखर कमी, म्हणून १०० किलोला एक-दोन किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडा. तोंड हवाबंद करा. ४५ दिवसांनी उघडल्यावर आंबूस-गोड वास आला पाहिजे. उन्हात वाळवलेल्या गवतापेक्षा मुरघासात कॅरोटीन बरंच जास्त टिकतं.

काजूच्या बोंडांबद्दल मला दर वर्षी विचारतात. त्यात जीवनसत्त्व क भरपूर आहे, मग द्यावीत का? गाय, म्हैस, शेळी आपलं क स्वतःच्या यकृतात बनवतात, आणि खाल्लेलं क पहिल्या पोटातच बरंचसं मोडतं. त्यामुळे क साठी बोंडं घालण्यात अर्थ नाही. पाटीभर बोंडं एकदम खाल्ली तर त्यातल्या साखरेने पोटात आम्ल वाढून जनावर आडवं पडू शकतं. सवय लावत थोडी दिली तर चारा म्हणून चालतील.

चौथी पायरी: जांभ्या मातीची उणीव भरून काढा

आपली माती तांबडी, आम्ल आणि धुऊन निघालेली. दर पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाणी तिच्यातून वाहून जातं. लोह मुबलक, पण स्फुरद लोहाला चिकटून बसलेलं आणि जस्तही अनेक ठिकाणी अपुरं. अशा मातीतल्या गवतात या उणिवा उतरतातच. वर जास्तीचं लोह तांब्याच्या शोषणात आडवं येतं. विहिरीच्या पाण्यावर तांबूस तवंग येत असेल, किंवा पेंढ्याला लाल माती लागलेली असेल, तर ही अडचण आणखी वाढते. चारा जमिनीवर टाकू नका, गव्हाणीतच घाला.

यावर उपाय खनिज मिश्रण. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम, शेळीला १० ग्रॅम, आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) कालवून. सोबत मोठ्या जनावराला ३० ग्रॅम मीठ. पाकिटावर आयएस १६६४ हे भारतीय मानक आहे का बघा, आणि घटकांची यादी वाचा. जस्त, तांबं, मँगेनीज हवंच. सेलेनियम प्रत्येक पाकिटात नसतं, म्हणून ते नाव वेगळं शोधा. महागडं चिलेटेड मिश्रण परवडत नसेल तर साधं घ्या, पण रोज घाला. आठवड्यातून एकदा मूठभर घालून उपयोग नाही. मेंढ्या असतील तर गाईचं मिश्रण त्यांना देऊ नका, मेंढीला तांबं लवकर बाधतं.

आता सेलेनियमचं प्रमाण बघा. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००१ साली दुधाळ गाईंसाठी सांगितलेली गरज आहे एक किलो कोरड्या चाऱ्यामागे ०.३ मिलिग्रॅम. दिवसाला नऊ किलो कोरडा चारा खाणाऱ्या गाईला तीन मिलिग्रॅमसुद्धा लागत नाही. मिठाच्या चिमटीपेक्षाही कितीतरी कमी. गरज आणि विष यांतलं अंतर इतकं कमी आहे की सुटी पावडर घरात कालवायचीच नाही. जास्त झालं तर शेपटीचे केस गळतात, खूर फुटतात, जनावर लंगडतं.

पाचवी पायरी: विण्याआधीचे २१ दिवस

दिनदर्शिकेतली दुसरी खूण आली की पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा. वाडीवर येण्यासाठी १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची सोय आहे. त्यांना तीन गोष्टी सांगा: गाईला किती महिने हिरवं मिळालेलं नाही, मागच्या वेताला वार अडकली होती का, आणि खनिज मिश्रणात सेलेनियम आहे का. या तिन्हीवरून ते जीवनसत्त्व ई आणि सेलेनियमचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरवतील. विण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी दिलेला एक डोस वार अडकण्याचं प्रमाण कमी करतो, जिथे उणीव आहे तिथे. हिरव्यावर असलेल्या गाईला त्याने फारसा फरक पडत नाही.

तोंडावाटे ई द्यायचं ठरलं तर २००१ च्या त्याच शिफारशीतला अंदाज असा: साठवलेल्या चाऱ्यावरच्या आटलेल्या गाईला किलो वजनामागे रोज १.६ आययू (जीवनसत्त्व मोजण्याचं आंतरराष्ट्रीय एकक). आपल्या कोकण कपिलेसारख्या लहान चणीच्या, २५० किलोच्या गाईला ४०० आययू, ३५० किलोच्या संकरित गाईला ५६०. डबा बघून जर्सीचं माप कपिलेला घालू नका.

याच तीन आठवड्यांत गोठा थंड ठेवा. दमट उकाडा अंगातले मुक्त कण वाढवतो. पत्र्यावर पेंढा किंवा माडाची झावळं टाका, कुडाच्या भिंतीची एक बाजू मोकळी करा, दिवसभर पाणी समोर ठेवा, आंबोण पहाटे आणि सूर्य उतरल्यावर द्या.

सहावी पायरी: व्याल्यापासून पुन्हा गाभण राहीपर्यंत

वार १२ तासांत पडली पाहिजे. वेळ लिहून ठेवा. नाही पडली तर ओढू नका, दगड बांधू नका, हात घालू नका, डॉक्टरांना बोलवा. गाभ गेला असेल आणि वार अडकली असेल तर सांसर्गिक गर्भपाताचा संशय धरा. तो ब्रुसेला जंतू माणसालाही लागतो, म्हणून हातमोज्यांशिवाय काहीही शिवू नका. अशा जनावराला जीवनसत्त्वाने गुण येणार नाही.

व्याल्यानंतर गर्भाशय पूर्ववत व्हायला ४०-४५ दिवस लागतात. पहिला माज दिसला तरी ६० दिवसांच्या खुणेपर्यंत थांबा. मग सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करून घ्या. बळस (माजावर येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ असेल तरच. ढगाळ किंवा पुवाचा असेल तर आधी उपचार.

उलटली तर दिवस मोजा. १८ ते २४ दिवसांत परत माज आला, तर एकतर फळलीच नाही किंवा गर्भ अगदी सुरुवातीला गेला. ३५-४५ दिवसांनी आला, तर धरलेला गर्भ नंतर सुटला. हा एक आकडा डॉक्टरांना औषधाच्या दहा नावांपेक्षा जास्त सांगतो. तीनदा उलटली की मात्र गर्भाशय तपासून घ्याच. जंत, हाडकुळेपणा, स्फुरदाची कमतरता, गर्भाशयाचा संसर्ग, चुकलेली रेतनाची वेळ, यांतलं काही असेल तर अँटिऑक्सिडंट कितीही घातले तरी गाय फळणार नाही.

म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवस, आणि उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो, म्हणजे बाहेरून फारसा कळत नाही. तिला डुंबायला पाणी किंवा दिवसातून दोनदा आंघोळ ही पहिली गरज, पोषण त्याच्या जोडीला. कोकण कन्याळ शेळी १५० दिवसांत विते, म्हणजे तिची तयारी पाच महिन्यांत बसवावी लागते. बोकड दाखवण्याआधी महिनाभर आणि विण्याआधी महिनाभर पाला वाढवा, एवढं बहुतेक शेळ्यांना पुरतं.

शेजारणीच्या गाईला त्या चैत्रात आम्ही कुठलंही इंजेक्शन दिलं नाही. डॉक्टरांनी गर्भाशय तपासलं, संसर्ग नव्हता. कोंडा बदलला, शेवगा आणि पाटाच्या कडेचं नेपिअर सुरू केलं, खनिज मिश्रण रोज. मधले माज मुद्दाम सोडले. आषाढात रेतन केलं, तेव्हा तूप पुन्हा पिवळसर झालं होतं. साठ दिवसांनी डॉक्टरांनी हात घालून तपासलं आणि शेजारणीने दिनदर्शिकेत फेब्रुवारीच्या पानावर आटवण्याची खूण केली.